डीबगरला चिप सापडत नाही तेव्हा

पहिल्यांदा डीबगर (चिपमध्ये प्रोग्राम चढवणारं आणि तपासणारं छोटं उपकरण) जोडला, ‘कनेक्ट’ दाबलं आणि खाली लाल अक्षरांत ‘नो टार्गेट कनेक्टेड’ उमटलं, की नवखा माणूस आधी पुन्हा कनेक्ट दाबतो. मग केबल काढून घालतो, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करतो आणि शेवटी चिप उडाली असं ठरवून मोकळा होतो. चिप खरोखर उडालेली क्वचितच असते. माझ्या टेबलावर आलेल्या अशा बोर्डांत दोष बहुतेक वेळा वायरमध्ये निघाला, त्या खालोखाल सप्लायमध्ये, आणि त्यानंतर आधी चढवलेल्या प्रोग्राममध्ये. खालच्या पायऱ्या साधारण त्याच हिशोबाने लावल्या आहेत. फक्त सप्लाय वायरच्या आधी घेतला आहे, कारण तो मोजायला अर्धं मिनिट लागतं.

उदाहरणं मुख्यतः एसटीएम३२ (एसटी कंपनीची मायक्रोकंट्रोलर चिप) आणि एसटी-लिंक (तिचा डीबगर) या जोडीची आहेत. शिकणाऱ्यांच्या हातात तीच जास्त दिसते. पिक, एव्हीआर आणि ईएसपी३२ या दुसऱ्या चिपा वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे, पण पहिल्या चार पायऱ्या त्यांनीही वगळू नयेत. हाताशी एक मल्टीमीटर हवा. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

आधी साखळी समजून घ्या

कॉम्प्युटर, यूएसबी केबल, डीबगर, वायरी, चिपमधलं डीबग पोर्ट, त्यामागचा प्रोसेसर आणि सगळ्यात शेवटी फ्लॅश मेमरी. निरोप याच क्रमाने जातो आणि याच क्रमाने परत येतो. तो कुठे अडला हे एरर मेसेजच सांगतो, पण आपण लाल रंग बघूनच गडबडतो आणि शब्द वाचत नाही.

‘नो एसटी-लिंक डिटेक्टेड’ म्हणजे कॉम्प्युटरला डीबगरच दिसत नाही. तेव्हा बोर्डाकडे बघायचंसुद्धा कारण नाही. ‘नो टार्गेट’ म्हणजे डीबगर दिसतोय, पण पलीकडून उत्तर येत नाही. चिप सापडली पण प्रोसेसर थांबवता येत नाही, असा मेसेज असेल तर तुमच्या वायरी बऱ्यापैकी ठीक आहेत. फ्लॅश लिहिताना अडत असेल, तर बहुधा लॉक, चुकीची निवडलेली चिप किंवा ऐन वेळी ढासळणारा सप्लाय. या चार तक्रारी वेगळ्या आहेत आणि चारींवरचा इलाजही वेगळा.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. ‘चिप कोरी आहे, म्हणून कनेक्ट होत नसेल’ असं पुष्कळांना वाटतं. एआरएम कॉर्टेक्स-एम चिपमधलं डीबग पोर्ट हे वेगळं सर्किट असतं आणि ते तुमच्या प्रोग्रामवर अवलंबून नसतं. त्याला लागणारं क्लॉकही डीबगरच वायरीतून पुरवतो. म्हणजे कोऱ्या चिपनेसुद्धा पहिल्या हाकेला ओ द्यायला हवी. बोर्डावर क्रिस्टल लावलेला नसला, तरीही. सप्लाय, ग्राउंड, डेटाची एक वायर आणि क्लॉकची एक वायर: एवढं ठीक असेल तर उत्तर यायलाच हवं, आणि येत नसेल तर या चारांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे असं धरून चाला.

पायरी १: कॉम्प्युटर ते डीबगर

बोर्ड पूर्ण काढून ठेवा. नुसता डीबगर यूएसबीला लावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो दिसतो का आणि त्याच्यावर पिवळं चिन्ह आहे का ते बघा. लिनक्सवर यूएसबी उपकरणांची यादी काढा. एसटी-लिंकचा कंपनी क्रमांक ०४८३ असतो, त्यावरून तो लगेच ओळखू येतो.

दिसत नसेल तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. डीबगरवरचा दिवा मात्र झकास लागतो, आणि त्या दिव्यावर विश्वास ठेवून माणूस तासन्‌तास ड्रायव्हर शोधत बसतो. लिनक्सवर तोच आदेश सुडो लावून चालत असेल, तर प्रश्न परवानगीचा आहे. यूडेव्हचे (उपकरणांना परवानगी देणारे) नियम घाला आणि डीबगर काढून पुन्हा लावा. डीबगर दिसतो पण ‘बिझी’ म्हणतो, अशा वेळी मागे दुसरं काहीतरी त्याला धरून बसलेलं असतं. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बंद केल्यावरही मागे चालू राहिलेला जीडीबी सर्व्हर (डीबगरशी बोलणारा प्रोग्राम) हा नेहमीचा आरोपी.

पुढच्या पायरीआधी एक इशारा

तुमचा बोर्ड थेट घरच्या विजेवर चालणारा असेल आणि त्याच्या सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मरचं आयसोलेशन नसेल (एलईडी ड्रायव्हर, मोटर कंट्रोलर, स्मार्ट स्विच यांत असं असतं), तर त्याला डीबगर लावू नका. अशा बोर्डाचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असू शकतं. डीबगरचं ग्राउंड म्हणजे कॉम्प्युटरचं ग्राउंड. दोन्ही जोडली की बोर्ड, डीबगर आणि कॉम्प्युटर एकदम जाऊ शकतात, आणि हात लागला तर जिवावर बेतू शकतं. असा बोर्ड मेन्सपासून पूर्ण सोडवा, बाहेरून वेगळा ३.३ व्होल्टचा सप्लाय द्या आणि मगच प्रोग्राम चढवा. इथे हयगय नको.

पायरी २: चिपच्या पायावर व्होल्टेज मोजा

बोर्डाच्या कनेक्टरवर नको, चिपच्या पायावर मोजा. मल्टीमीटरची काळी प्रोब चिपच्या ग्राउंडच्या पायावर आणि लाल प्रोब सप्लायच्या पायावर. सप्लायचे जितके पाय तितक्यांवर, एकेक करून. अॅनालॉगचा वेगळा सप्लाय पायसुद्धा (व्हीडीडीए) सोडायचा नाही. ‘एडीसी वापरत नाही, म्हणून व्हीडीडीए मोकळा ठेवला’ असं कित्येक जण करतात आणि मग चिप उठत नाही.

३.३ च्या जागी १.५ ते २.५ असं काहीतरी अर्धवट दिसलं तर सावध व्हा. अनेकदा बोर्डाला सप्लाय पोचलेलाच नसतो, पण डीबगरच्या सिग्नल वायरींतून चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे चोरपावलांनी वीज शिरते. मग बोर्डावरचा दिवाही मिणमिणतो आणि आपल्याला वाटतं सप्लाय आहे. खात्री करायची तर डीबगर काढा आणि पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला, तर खरा सप्लाय कधी नव्हताच.

एसटीएम३२एफ४ सारख्या मालिकांत व्हीकॅप नावाचे पाय असतात. त्यांना बाहेरून कपॅसिटर लावावा लागतो (दोन पाय असतील तर सहसा प्रत्येकी २.२ मायक्रोफॅरड). आतल्या प्रोसेसरला लागणारं कमी व्होल्टेज त्या पायावर मोजता येतं. तिथे साधारण १.२ व्होल्ट दिसले, तर चिपमधला रेग्युलेटर जिवंत आहे. स्वतः डिझाइन केलेल्या पहिल्या बोर्डावर मी सगळ्यात आधी हाच पाय मोजतो. एका आकड्यात चिपची अर्धी तब्येत कळते.

आता डीबगरच्या सप्लाय पिनचा घोळ. मूळ एसटी-लिंक व्ही२ वर ही पिन बोर्डाला वीज देण्यासाठी नसते, तर बोर्डाचं व्होल्टेज वाचण्यासाठी असते. ती जोडली नाही, तर डीबगर ‘टार्गेट व्होल्टेज शून्य’ म्हणून हटून बसतो. पेनड्राइव्हच्या आकाराचे जे स्वस्त क्लोन (एसटी-लिंकच्या नकला) मिळतात, त्यांच्यावरची ३.३ ची पिन मात्र वीज देते. तेव्हा दोन्ही बाजूंनी सप्लाय जोडू नका. बोर्डाला स्वतःचा सप्लाय असेल तर क्लोनची ३.३ ची वायर मोकळी ठेवा, नाहीतर दोन रेग्युलेटर एकमेकांशी भांडत बसतील. आणि ओपनओसीडी (डीबगर चालवणारा मोफत प्रोग्राम) ‘टार्गेट व्होल्टेज ३.२’ दाखवतो म्हणून क्लोनवर निर्धास्त राहू नका. तो आकडा क्लोनच्या स्वतःच्याच सप्लायचा असू शकतो.

शेवटी रीसेटचा पाय मोजा. काही दाबलेलं नसताना तिथे सप्लायइतकं व्होल्टेज हवं. शून्य असेल तर बटण अडकलंय, सोल्डरचा थेंब ग्राउंडला चिकटलाय, किंवा बटण ९० अंशांत फिरवून बसवलंय. चार पायांच्या छोट्या बटणात समोरासमोरचे दोन पाय आतून कायम जोडलेले असतात. आडवं बसवलं की ते कायम दाबल्यासारखं वागतं.

पायरी ३: वायरी

इथे वेळ काढा. बहुतेकांचा प्रश्न याच पायरीवर सुटतो.

सिरियल पोर्ट जोडताना टीएक्सला आरएक्स अशी उलटसुलट जोडणी करायची सवय झालेली असते. एसडब्ल्यूडीमध्ये (डेटा आणि क्लॉक या दोन वायरींवरची डीबगची पद्धत) तसं नसतं. डेटा डेटाला, क्लॉक क्लॉकला, सरळ. एसटीएम३२ वर डेटा म्हणजे पीए१३ आणि क्लॉक म्हणजे पीए१४. जेटॅगची (जास्त वायरींची जुनी पद्धत) जोडणीही सरळच. टीडीआय टीडीआयला, टीडीओ टीडीओला. (जेटॅग हे मानक १९९० साली आलं तेव्हा त्याचा हेतू डीबगिंग हा नव्हताच. बोर्डावरच्या चिपांचे पाय नीट सोल्डर झालेत का, हे तपासण्यासाठी ते होतं. डीबगिंग त्यावर मागाहून स्वार झालं.)

मग कनेक्टर. १.२७ मिलिमीटर अंतराच्या १० पिनांच्या एआरएम कनेक्टरवर क्रम असा असतो: १ वर संदर्भ व्होल्टेज, २ वर डेटा, ४ वर क्लॉक, ६ वर ट्रेसचं आउटपुट, १० वर रीसेट, आणि ३ व ५ वर ग्राउंड. जुन्या २० पिनांच्या कनेक्टरवर १ संदर्भ व्होल्टेज, ७ डेटा, ९ क्लॉक, १५ रीसेट. ४ पासून पुढच्या सम क्रमांकाच्या पिना साधारण ग्राउंड. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पिन १ चुकीच्या टोकाला धरणं, किंवा बोर्डाच्या मागच्या बाजूने बघून आरशातला क्रम मोजणं. क्लोनच्या बाबतीत इंटरनेटवरच्या चित्रावर जाऊ नका; तुमच्या हातातल्या डीबगरच्या अंगावर जे छापलंय ते वाचा. सारख्या दिसणाऱ्या दोन क्लोनचा पिनक्रम वेगळा असू शकतो, हे मी स्वतः पाहिलंय.

आता मल्टीमीटर बीपच्या मोडवर टाका, सगळा सप्लाय बंद करा. एक प्रोब वायरच्या डीबगरकडच्या टोकाला, दुसरी थेट चिपच्या पायाला. हेडरला नको, पायाला. बीप आली तरी वायर जरा हलवून बघा. वायर आत तुटलेली आणि वरून प्लॅस्टिक शाबूत, असं जंपर वायरींमध्ये रोज घडतं. त्यानंतर डेटा आणि क्लॉक एकमेकांशी, ग्राउंडशी किंवा सप्लायशी शॉर्ट नाहीत ना, हेही बघा. पायावर टेकवताना प्रोब जोरात दाबू नका. ड्राय सोल्डर असेल तर दाबामुळे पाय पॅडला टेकतो, बीप येते, आणि प्रोब उचलली की पुन्हा सुटतो.

ग्राउंडच्या वायरीने मला एकदा दोन संध्याकाळी फिरवलंय. बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालायचा तेव्हा डीबगर छान लागायचा. तोच बोर्ड वेगळ्या अडॅप्टरवर लावला की चिप गायब. मी अडॅप्टरला दोष दिला, कपॅसिटर वाढवले, रेग्युलेटर बदलला. शेवटी कळलं ते असं, की डीबगरकडे जाणारी ग्राउंडची जंपर आतून तुटलेली होती. लॅपटॉपवर असताना बोर्ड आणि डीबगर यांचं ग्राउंड लॅपटॉपमधूनच जुळत होतं, म्हणून चालायचं. अडॅप्टर आला आणि ती पळवाट बंद झाली. तेव्हापासून मी ग्राउंडची बीप सगळ्यात आधी घेतो.

आणखी एक मोजमाप, मल्टीमीटरनेच होणारं. डीबगर काढा, बोर्ड चालू करा, रीसेटचं बटण दाबून धरा आणि पीए१३, पीए१४ मोजा. एसटीएम३२ मध्ये रीसेटच्या अवस्थेत डेटाच्या पायाला आतून पुल-अप (सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर) आणि क्लॉकच्या पायाला पुल-डाउन (ग्राउंडकडे ओढणारा) असतो. म्हणजे डेटावर ३.३ च्या आसपास आणि क्लॉकवर शून्याच्या आसपास दिसायला हवं. उलटं दिसलं तर तुम्ही पायच चुकीचे मोजताय किंवा चिप फिरवून बसवली आहे. दोन्हीकडे अधांतरी आकडा तरंगत असेल तर पाय सोल्डर झालेला नाही.

पायरी ४: वेग उतरवा

सॉफ्टवेअरमध्ये एसडब्ल्यूडीचा वेग सहसा ४००० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवलेला असतो. तो १०० किंवा ५० वर आणा. त्यावर चिप सापडली तर वायरींची लांबी, ढिले सांधे किंवा ब्रेडबोर्ड यांच्याकडे बोट जातं. वायरी १० ते १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि क्लॉकच्या वायरीला लगटून ग्राउंडची वायर न्या. एका बाजूला सुटी लोंबणारी ग्राउंड आणि दुसऱ्या बाजूला लांब क्लॉक, अशी रचना असेल तर क्लॉकच्या कडांवर थरथर उठते आणि चिपला एका ठोक्याच्या जागी दोन ऐकू येतात. वेग कमी करणं हा तपासणीचा उपाय आहे. कायमचा इलाज म्हणून तिथेच थांबलात तर फ्लॅश चढवताना प्रत्येक वेळी ताटकळत बसाल.

पायरी ५: तुमचाच प्रोग्राम दार लावून बसलाय का?

‘काल चालत होतं, आज चालत नाही, वायरींना हातही लावला नाही.’ असं कुणी म्हणालं की मी सरळ या पायरीवर येतो.

डीबगचे दोन पाय चिप चालू झाल्यावर सामान्य इनपुट-आउटपुट म्हणूनही वापरता येतात. प्रोग्रामने ते तसे वापरले की डीबगरचं दार बंद. क्यूबएमएक्समध्ये (सुरुवातीचा कोड तयार करून देणारं एसटीचं सॉफ्टवेअर) नवीन प्रोजेक्ट करताना ‘सिस्टिम’ विभागात डीबगचा पर्याय असतो. एसटीएम३२एफ१ मालिकेत तो ‘नो डीबग’ वर राहिला, तर तयार होणारा कोड सुरुवातीलाच डीबगचे पाय बंद करतो. प्रोग्राम पहिल्यांदा निर्विघ्न चढतो, चालतो, आणि दुसऱ्यांदा चढवायला गेलं की चिप नाहीशी. नव्या माणसाला याहून गोंधळात टाकणारा प्रकार मला माहीत नाही. तिथे ‘सिरियल वायर’ निवडायचं, प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, बाकी काहीही करण्याआधी.

दुसरा प्रकार झोपेचा. प्रोग्राम चिपला लगेच ‘स्टॉप’ किंवा ‘स्टँडबाय’ मध्ये पाठवत असेल तर आतली क्लॉक बंद होतात आणि डीबगरचा संबंध तुटतो. डीबग कंट्रोल रजिस्टरमधले झोपेतही डीबग चालू ठेवणारे बिट सेट केले तर हे टळतं. शिकत असताना प्रोग्रामच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंदांचा विलंब टाकून ठेवा, म्हणजे रीसेटनंतर डीबगरला आत शिरायला फट राहते.

बंद झालेलं दार उघडायचं कसं? चिप रीसेटमध्ये धरलेली असताना तुमचा प्रोग्राम चालत नाही, पण डीबग पोर्ट मात्र उत्तर देतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडा. डीबगर रीसेटची वायर खाली ओढतो, चिपशी बोलणी करतो, प्रोसेसरला पहिल्या आदेशापाशीच थांबायला सांगतो आणि मग रीसेट सोडतो. यासाठी रीसेटची वायर जोडलेली हवी. ‘ती पर्यायी आहे’ असं ऐकून पुष्कळ जण ती सोडून देतात आणि नेमकी गरज पडते तेव्हा ती नसते.

काही स्वस्त क्लोनवर रीसेटची पिन एसटीएम८ या एसटीच्या दुसऱ्या चिपमालिकेसाठीच असते आणि एसटीएम३२ च्या वेळी हलतच नाही. मग हाताने करा: बोर्डावरचं रीसेट बटण दाबून धरा, कनेक्ट दाबा आणि क्षणार्धात बटण सोडा. दहापैकी तीन-चार वेळा जमतं, तेव्हा चिकाटी ठेवा. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे बूट० ची पिन. ती ३.३ ला जोडून रीसेट दिला, की चिप तुमच्या प्रोग्रामऐवजी कारखान्यात भरलेला बूटलोडर चालवते. तो डीबगच्या पायांना हात लावत नाही. आता साधं कनेक्ट होईल. पूर्ण फ्लॅश पुसून टाका, बूट० पुन्हा ग्राउंडला न्या, चूक सुधारलेला प्रोग्राम चढवा.

पायरी ६: उत्तर येतंय, पण विचित्र

चिप सापडल्यावर सॉफ्टवेअर तिचा ओळख क्रमांक दाखवतं. अस्सल एसटीएम३२एफ१०३ मधलं डीबग पोर्ट १बीए०१४७७ असा क्रमांक सांगतं. ओपनओसीडीने ‘अनएक्स्पेक्टेड आयडी’ म्हणत २बीए०१४७७ दाखवला, तर तुमच्या ‘ब्लू पिल’ या स्वस्त बोर्डावर एसटीची चिप नसून दुसऱ्याच कुणाची नक्कल असण्याची दाट शक्यता आहे. ती चालते, फक्त कॉन्फिग फाइलमध्ये अपेक्षित क्रमांक बदलावा लागतो. वायरी तपासत बसू नका. त्या ठीक आहेत म्हणूनच क्रमांक आला.

चिप सापडते पण फ्लॅश वाचू देत नाही, तर तिला वाचनबंदी लावलेली असते. एसटीएम३२ मध्ये पहिल्या पातळीची बंदी उठवता येते, पण उठवताना सगळी फ्लॅश पुसली जाते. दुसऱ्या पातळीची बंदी असलेल्या बहुतेक चिपांत डीबगचं दार कायमचं बंद होतं. म्हणून प्रोग्रामरच्या ऑप्शन बाइट्सच्या (अशा बंदीच्या सेटिंग्जच्या) पानावर उगाच टिचक्या मारू नका. नॉर्डिकच्या एनआरएफ५२ चिपमध्येही असंच लॉक असतं आणि ‘रिकव्हर’ आदेशाने ते उघडतं, अर्थात आतलं सगळं पुसून.

पायरी ७: लॉजिक अॅनालायझर

इथवर आलात आणि अजून काही नाही, तर वायरींवर प्रत्यक्ष काय चाललंय ते बघायची वेळ आली. २४ मेगाहर्ट्झचा साधा अॅनालायझर पुरतो, फक्त एसडब्ल्यूडीचा वेग १०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. क्लॉक आणि डेटा अशा दोन वाहिन्या लावून कनेक्ट दाबा.

सुरुवातीला डेटा वर धरून ५० हून जास्त ठोके दिसतील. ही लाइन रीसेट. मग जेटॅगवरून एसडब्ल्यूडीवर येण्याचा १६ बिटांचा संकेत, पुन्हा लाइन रीसेट, आणि मग ओळख विचारणारा ८ बिटांचा प्रश्न. प्रश्नानंतर चिप तीन बिटांत उत्तर देते. वायरीवरच्या क्रमाने १-०-० म्हणजे ‘ठीक’, ०-१-० म्हणजे ‘थांब’, ०-०-१ म्हणजे ‘चूक झाली’. तिन्ही १ दिसले तर चिप बोललीच नाही; पुल-अपने वायर वर धरून ठेवली एवढंच. क्लॉकच दिसत नसेल तर दोष डीबगरमध्ये किंवा त्याच्या बाजूच्या वायरीत. प्रोब डीबगरच्या टोकाऐवजी चिपच्या पायाशी लावल्या तर एका नजरेत कळतं की प्रश्न पोचतोय की नाही.

पिक, एव्हीआर आणि ईएसपी३२

पिक वापरणाऱ्यांचा नेहमीचा मेसेज म्हणजे ‘टार्गेट डिव्हाइस आयडी शून्य’. त्याचा अर्थ चिपने काहीच सांगितलं नाही. पिककिट ३ च्या सहा पिनांचा क्रम: १ एमसीएलआर म्हणजे रीसेट, २ सप्लाय, ३ ग्राउंड, ४ डेटा म्हणजे पीजीडी, ५ क्लॉक म्हणजे पीजीसी, सहावी सहसा मोकळी. पीजीसी आणि पीजीडीवर कपॅसिटर, डायोड, पुल-अप, एलईडी, काहीही टांगू नका. एमसीएलआरला १० किलोओहमचा पुल-अप चालतो, पण ग्राउंडकडे जाणारा थेट कपॅसिटर प्रोग्रामिंग बिघडवतो.

चिप प्रोग्राम होते पण डीबग होत नाही, ही तक्रार पिकमध्ये खास आढळते आणि तिची दोन कारणं एआरएमवाल्यांच्या लक्षात येत नाहीत. एक: ज्या चिपांना पीजीसी-पीजीडीच्या दोन-तीन जोड्या असतात, त्यांचं प्रोग्रामिंग कोणत्याही जोडीवरून होतं, पण डीबगिंग फक्त कॉन्फिगरेशन बिट्समध्ये निवडलेल्या जोडीवरूनच. दोन: पिकमध्ये डीबगिंग हे चिपच्या स्वतःच्या ऑसिलेटरवर चालतं. बिट्समध्ये बाहेरचा क्रिस्टल निवडलाय आणि बोर्डावर तो नाही किंवा सुरूच होत नाही, तर प्रोग्राम चढेल आणि डीबगर मात्र गप्प बसेल. आतला ऑसिलेटर निवडून बघा. पिक२४, पिक३२, डीएसपिक३३ यांत व्हीकॅपचा कपॅसिटरही विसरू नका.

एव्हीआरची अडचण फ्यूजची, म्हणजे चिपमध्ये साठवलेल्या सेटिंग्जची. नवी एटीमेगा३२८पी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर येते आणि आयएसपीचा (बोर्डावरच प्रोग्राम चढवण्याच्या पद्धतीचा) वेग चिपच्या क्लॉकच्या एक चतुर्थांशाहून कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत. प्रोग्रामर १ मेगाहर्ट्झने ओरडत असेल तर चिपला ऐकू येणारच नाही. फ्यूज चुकून बाहेरच्या क्लॉकवर गेले, तर क्रिस्टलच्या पहिल्या पायाला कुठूनही चौकोनी सिग्नल पुरवा. चिप शुद्धीवर येते आणि फ्यूज परत लिहिता येतात. डीबगवायर (एव्हीआरची एका वायरीवरची डीबग पद्धत) वापरायचं असेल तर ते रीसेटच्या पायावरूनच चालतं, म्हणून त्या पायावरचा कपॅसिटर काढावा लागतो. आर्डुइनो ऊनोवर तो असतोच. आणि डीबगवायरचा फ्यूज लागला की आयएसपी बंद होतं. ते घाबरण्यासारखं नाही. डीबगरमधूनच डीबगवायर तात्पुरतं बंद करून परत जाता येतं.

ईएसपी३२ मध्ये जेटॅग १२ ते १५ क्रमांकाच्या जीपीआयओवर (सामान्य इनपुट-आउटपुट पायांवर) असतं. त्यातला १२ चालू होतानाच फ्लॅशचं व्होल्टेजही ठरवतो. डीबगरने तो त्या वेळी वर ओढून धरला, तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट देते आणि बूट होत नाही. ईएसपी३२-एस३ आणि ईएसपी३२-सी३ मध्ये यूएसबीवरूनच जेटॅग मिळतं. नव्याने घेणार असाल तर ते घ्या, हा सगळा व्याप वाचेल.

चिप खरंच गेलीये का?

हे ठरवण्याआधी दोन अदलाबदली करा. तुमचा डीबगर आणि त्याच वायरी एका चालू असलेल्या बोर्डाला लावा. मग दुसरा डीबगर तुमच्या बोर्डाला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चाललं, तर कशामुळे चाललं हे कळणार नाही. चालू बोर्ड म्हणून एक स्वस्तातला डेव्हलपमेंट बोर्ड कायम बाजूला ठेवा आणि त्यावर कधीही प्रयोग करू नका.

दोष बोर्डातच आहे असं दिसलं, तर सप्लाय आणि डीबगर काढा, मल्टीमीटर डायोडच्या मोडवर टाका. लाल प्रोब ग्राउंडला, काळी डेटाच्या पायाला. शाबूत पायावर संरक्षक डायोडचे साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसतात. तेच क्लॉकच्या पायावर, तेच शेजारच्या एखाद्या मोकळ्या पायावर, आणि जमलं तर चालू बोर्डावरच्या तशाच चिपवर. शेजारी ०.६ आणि डेटावर शून्य आलं, तर आधी सोल्डरचा शॉर्ट भिंगातून शोधा. तो नसेल, किंवा ट्रॅक आणि सोल्डर ठीक असूनही मीटर ‘ओपन’ दाखवत असेल, तर तो पाय आतून गेलेला आहे. आता चिप बदलण्यासाठी हॉट एअर तापत ठेवायला हरकत नाही.